आइन्स्टाइनच्या सिद्धांतातला एक जादा वर्ग

‘सुधारित गुरुत्व सिद्धांत’ हे शब्द बातमीत आले की मथळा ठरलेलाच असतो : आइन्स्टाइन चुकला! विश्वाच्या आरंभीच्या इन्फ्लेशनबाबत तरी हा मथळा साफ दिशाभूल करणारा आहे.

सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशात विश्व अफाट पटींनी फुगलं, हे इन्फ्लेशन. ते घडवायला बहुतेक प्रारूपांत एक वेगळं क्षेत्र, म्हणजे अवकाशभर पसरलेली भौतिक राशी, गृहीत धरावं लागतं. १९८० मध्ये रशियन भौतिकशास्त्रज्ञ अलेक्सेई स्टारोबिन्स्की यांनी दाखवलं, की गुरुत्वच हे काम करू शकतं.

व्यापक सापेक्षतेच्या मुळाशी अवकाशकालाच्या वक्रतेची एक राशी असते. तिच्या जोडीला तिचाच वर्ग मिळवायचा. सूर्यमालेत वक्रता क्षुल्लक, तिचा वर्ग त्याहून क्षुल्लक. तिथे आइन्स्टाइन जसाच्या तसा उरतो. आरंभी मात्र वक्रता प्रचंड होती आणि वर्गच वरचढ ठरला.

यापुढचं गणित मला विलक्षण सुंदर वाटतं. समीकरणं वेगळ्या चलांत लिहिली की वर्गाचं पद नाहीसं होतं आणि त्याच्या जागी साधं आइन्स्टाइनचं गुरुत्व अधिक एक अदिश (दिशा नसलेलं) क्षेत्र, ‘स्केलरॉन’, उरतं. त्याच्या स्थितिज ऊर्जेचा आलेख म्हणजे लांबलचक पठार आणि शेवटी दरी. पठारावर ऊर्जा जवळपास स्थिर राहते, म्हणून विश्व घातांकी वेगाने फुगतं. हे प्रसरणच घर्षणासारखं क्षेत्राला रोखतं, त्यामुळे ते अगदी हळू सरकतं. दरीत पोहोचल्यावर ते आंदोलत राहतं आणि त्याची ऊर्जा मूलकणांत उतरते. इन्फ्लेशन तिथे संपतं, तप्त विश्व सुरू होतं.

प्रारूपात मोकळा आकडा एकच, स्केलरॉनचं वस्तुमान. आरंभीच्या तप्त विश्वातून आजवर उरलेल्या पार्श्वभूमी प्रारणातल्या लाखात एक इतक्या चढउतारांवरून तो ठरतो. बाकी सगळी भाकितं. इन्फ्लेशनच्या अखेरच्या टप्प्यात विश्व ६० वेळा, दर वेळी २.७२ पट वाढलं असं धरलं, तर चढउतारांचा वर्णपटीय निर्देशांक (लहान-मोठ्या अंतरांवर त्यांची तीव्रता कशी बदलते, ते सांगणारा आकडा) १ वजा २/६०, म्हणजे ०.९६७ येतो. प्लांक उपग्रहाचं २०१८ चं मोजमाप ०.९६५ होतं!

घनतेतल्या चढउतारांच्या तुलनेत आरंभीच्या गुरुत्वीय लहरींचं प्रमाण १२ भागिले ६० चा वर्ग, म्हणजे ०.००३ च्या आसपास यायला हवं. २०१४ मध्ये ते ०.२ मिळाल्याचा गाजावाजा झाला होता. तो खरा असता तर हे प्रारूप तेव्हाच बाद झालं असतं. पण तो संकेत मुख्यतः आपल्या आकाशगंगेतल्या धुळीचा निघाला. पडताळणीआधी जल्लोष करू नये तो यासाठीच. आजची वरची मर्यादा ०.०३६ आहे.

२०२५ मध्ये हेच प्रारण मोजणाऱ्या, चिलीतल्या अटाकामा दुर्बिणीची आणि इतर निरीक्षणं एकत्र केल्यावर निर्देशांक ०.९७४ च्या जवळ सरकला. तो तिथेच टिकला, तर हे सुंदर प्रारूप खरोखरच अडचणीत येईल.