यागी आणि लॉग-पिरियॉडिक: जुन्या बीमची पारख

दूरदर्शनच्या काळात विदर्भातल्या खेड्यांमध्ये छपराछपरावर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेना दिसत, आणि त्या सवयीने आडव्या नळ्यांच्या कोणत्याही अँटेनाला आपण बिनदिक्कत ‘यागी’ म्हणून मोकळे होतो. एखाद्या हौशी रेडिओ केंद्रावरून उतरवलेला जुना, वजनदार बीम, म्हणजे एकाच दिशेला जोर देणारा अँटेना, विकत घेताना मात्र ही सवय महागात पडते, कारण तसाच दिसणारा लॉग-पिरियॉडिक हा वेगळ्याच कुळाचा अँटेना आहे.

यागीचा जन्म १९२६ च्या सुमारास जपानमधील तोहोकू विद्यापीठात झाला. त्यातले बरेचसे काम शिंतारो उदा यांचे होते, नाव मात्र हिदेत्सुगु यागी यांचे रूढ झाले. यात केबल एकाच एलिमेंटला, म्हणजे एकाच आडव्या नळीला, जोडलेली असते. मागचा किंचित लांब रिफ्लेक्टर आणि पुढचे आखूड डिरेक्टर तारेविनाच लहरींना दिशा देतात. लॉग-पिरियॉडिक १९५० च्या दशकात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात आकाराला आला. त्यात प्रत्येक एलिमेंटला जोडणी असते, ती शेजारच्या दोहोंमध्ये उलटसुलट केलेली असते आणि केबल आखूड टोकाला लागते. ज्या एलिमेंटांची लांबी त्या वेळच्या लहरीच्या साधारण निम्मी असेल, तेवढीच खरे काम करतात. १४ मेगाहर्ट्झला ती सुमारे १० मीटर, तर २८ ला त्याच्या निम्मी.

म्हणून काड्या मोजत बसू नये, जोडणी पाहावी. बूमवरून, म्हणजे सगळ्या नळ्या धरणाऱ्या मधल्या दांड्यावरून, फुलीसारख्या ओलांडत गेलेल्या तारा, किंवा एकावर एक असे दोन बूम दिसले, तर तो लॉग-पिरियॉडिक समजावा. तारा आधीच कोणी विकून खाल्ल्या असतील, तर टेप घ्यावा: लॉग-पिरियॉडिकमध्ये लांबी आणि अंतर दोन्ही एकाच प्रमाणात घटत जातात.

जुन्या मालात हा फरक आणखी बोचतो. १८ आणि २४ मेगाहर्ट्झचे लहरींचे पट्टे हौशींसाठी १९७९ च्या जिनिव्हा येथील जागतिक रेडिओ परिषदेत ठरले, त्यामुळे त्याआधीचा तीन पट्ट्यांचा यागी त्यांवर सहसा कामाचा नसतो, आणि त्याच्या नळ्यांवरील ट्रॅपमध्ये, म्हणजे एकच नळी वेगवेगळ्या पट्ट्यांवर चालू देणाऱ्या जोडभागांमध्ये, पाणी किंवा किडे शिरलेले असले तर ठरलेल्या पट्ट्यांवरही तो बिघडतो. १४ ते ३० मेगाहर्ट्झचा लॉग-पिरियॉडिक मात्र नंतर आलेले हे पट्टेही सहज सांभाळतो. एवढे असूनही एकाच पट्ट्यावर दूरचे बोलायचे असेल, तर तेवढ्याच लांबीच्या बूमवर मी यागीच निवडेन. त्याचा जोर अधिक असतो.

लॉग-पिरियॉडिकमध्ये नळ्या जास्त, म्हणून वारा जास्त अडतो. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगते. अशा जमिनीत टॉवर उभारताना पाया मुरमापर्यंत नेल्याशिवाय असला अँटेना वर चढवू नये.