जुनी लढाऊ विमानं आणि दगा देणारी चाकं

दुसऱ्या महायुद्धातलं एखादं स्पिटफायर हे ब्रिटिश लढाऊ विमान हवाई प्रदर्शनात पोटावर उतरलं की लोक म्हणतात, ‘ऐंशी वर्षांचं यंत्र, मोडणारच.’ वय हे कारण आहे, पण अर्धंच. ही विमानं नवीकोरी असतानाही अशीच घसरत आणि कोलमडत होती. बराचसा दोष १९३०च्या दशकातल्या आराखड्यांमध्येच काढून ठेवलेला आहे.

तोवर लढाऊ विमानांची चाकं कायम खाली लटकलेली असत. वेग वाढू लागला तसा त्यांचा हवेला होणारा अडथळा परवडेना, आणि चाकं पोटात घ्यायची कल्पना आली. सोव्हिएत संघाचं आय-१६ हे १९३३च्या अखेरीस उडालेलं विमान त्यातल्या सुरुवातीच्यांपैकी एक. त्याची चाकं वर घ्यायला पायलटला हाताने ४४ वेळा हँडल फिरवावं लागे. चाकं ओढणाऱ्या तारा अडकल्या तर त्या कापून चाकं खाली पाडण्यासाठी काही पायलट पक्कड जवळ बाळगत. अमेरिकेच्या वाइल्डकॅटमध्येही हँडलच होतं, जवळपास ३० फेऱ्यांचं. हात सुटला तर ते गरगर फिरून मनगट मोडायची भीती. सुरुवातीच्या स्पिटफायरमध्ये हातपंप होता आणि नवखा पायलट पंप मारू लागला की दुसऱ्या हातातली विमान वळवायची दांडीही हले, त्यामुळे विमान वरखाली डुलत जाई.

खरी गोम मात्र चाकांचे पाय कुठे बसवले यात आहे. स्पिटफायरचे पाय पंखाच्या मुळाशी बसवलेले आणि बाहेरच्या बाजूला दुमडणारे. त्यामुळे पंखांचा पसारा सुमारे ३७ फूट, पण चाकांमधलं अंतर जेमतेम पावणेसहा फूट. जर्मन मेसरश्मिट १०९चे पाय थेट धडाला जोडले होते. पंख काढले तरी विमान स्वतःच्या चाकांवर उभं राहावं आणि रेल्वेने सहज नेता यावं, हा हिशोब. कारखान्याच्या आणि दुरुस्तीच्या दृष्टीने हुशारी होती, पण किंमत मोजली ती उतरणाऱ्या पायलटांनी. जरा बाजूचा वारा आला की विमान गर्रकन फिरे आणि एक पाय मोडे. याउलट ब्रिटिशांच्याच हरिकेन या लढाऊ विमानाचे पाय आत दुमडणारे, चाकांमधलं अंतर साडेसात फुटांहून जास्त. खडबडीत मैदानावर ते बिनधास्त उतरे. स्पिटफायरच्या सौंदर्यापुढे हरिकेनचा हा गुण झाकोळला जातो, हे मला नेहमीच अन्यायाचं वाटतं.

स्पिटफायरचीच नौदल आवृत्ती, सीफायर, हिचे हाल तर विचारू नका. सप्टेंबर १९४३मध्ये इटलीत सालेर्नोच्या किनाऱ्यावर फौजा उतरत असताना छोट्या विमानवाहू जहाजांवर शंभरावर सीफायर होती. वारा पडलेला, जहाजं संथ; त्यामुळे विमानं डेकवर जास्त वेगाने आदळत. दोन दिवसांत उडण्याजोगी चाळीसही उरली नाहीत, आणि त्यात शत्रूचा वाटा किरकोळ होता.

चाकं खाली येईनात तर काय करायचं, हे पायलटसाठीच्या पुस्तिकांमध्ये लिहिलेलं असे. स्पिटफायरमध्ये चाकांचं वजन त्यांना वर धरून ठेवणाऱ्या कुलपाच्या खिळांवर पडून चाकांचा लीव्हर अडकत असे. त्यावर सूचना अशी, की दांडी झटक्यात पुढे ढकला, नाहीतर विमान सरळ उलटं करा, म्हणजे खिळांवरचा भार सुटेल. तेही जमलं नाही तर कार्बन डायऑक्साइडची बाटली फोडून वायूच्या दाबाने पाय खाली ढकलायचे. ही संधी एकदाच.

सगळं फसलं की पोटावर उतरणं आलं. ते दिसतं तितकं भयंकर नसतं. गवताळ मैदानावर, कमी वेगात, पायलट बहुतेकदा चालत बाहेर येई. पाण्यावर मात्र नको: हरिकेनच्या पोटाखालचा रेडिएटर पाण्यात रुतून नाक खाली जाई.

युद्धात अशी विमानं दुरुस्त होत किंवा भंगारात जात, नवी कारखान्यातून येतच असत. आज हिशोब उलटा आहे. ब्रिटिश हवाई दलाच्या स्मृती पथकातलं हरिकेन एलएफ३६३ सप्टेंबर १९९१मध्ये इंजिन बिघडल्याने विटरिंगच्या तळावर आणीबाणीत उतरताना आदळलं आणि जळालं. पायलट घोटा मोडून बचावला. त्याच्या पुनर्बांधणीसाठी पथकाने आपलं एक स्पिटफायर, पीएस८५३, विकलं. एलएफ३६३ १९९८मध्ये पुन्हा उडालं. पीएस८५३ पुढे रोल्स-रॉइसकडे गेलं आणि जानेवारी २०११मध्ये ईस्ट मिडलंड्स विमानतळावर उतरताना त्याचीही चाकं दुमडली.

अशा वेळी वरून खरचटल्यासारखं दिसलं तरी खरी धास्ती इंजिनाची असते. नाकावरच्या पंख्याची (प्रोपेलरची) पाती लाकडी असतील तर ती तुटून जातात आणि धक्का बराचसा तिथेच जिरतो. धातूची पाती वाकतात, आणि धक्का क्रँकशाफ्टपर्यंत, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्यापर्यंत, पोहोचू शकतो. म्हणून पाती जमिनीला लागली की इंजिन उतरवून पूर्ण उघडावं लागतं.