थांबा नसलेला खेळ: कोल्हापूरची पोरं आणि मोबाइल गेमची पार्श्वभूमी

"पोरगं मोबाइल सोडतच नाही." ही तक्रार आज शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात ऐकू येते, राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये आणि शिरोळ-कागलकडच्या मळ्यातही. दोष बहुतेक वेळा पोराच्या माथी येतो, नाहीतर त्याच्या हातात मोबाइल देणाऱ्या आईच्या. पण गेल्या तीसेक वर्षांत खेळाची घडणच कशी बदलत गेली, हे एकदा नीट पाहायला हवं.

नव्वदच्या दशकात व्हिडिओ गेम पार्लरमध्ये नाणं टाकून खेळायचं. नाणी संपली की घरी. मग टीव्हीला जोडायचे कॅसेटचे गेम आले. मारिओ, कॉन्ट्रा. आईनं दळण आणायला पाठवलं की स्टार्टचं बटण दाबायचं, खेळ जागच्या जागी थांबायचा. परत येऊन पुन्हा सुरू. 2000 नंतर सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक आणि व्हाइस सिटीचं वेड आलं, शाळा बुडवून पोरं तिथं बसू लागली. पण तिथंही तासावर पैसे मोजायचे, रात्री मालक शटर ओढायचा आणि त्या काळातलं लोडशेडिंग तर कुणालाच सोडत नव्हतं. पालक तेव्हाही वैतागलेलेच असत. तरीही उठायची वेळ पोराच्या मनाबाहेरचं काहीतरी ठरवून द्यायचं.

ही बाहेरची मर्यादा हळूहळू गळून पडली. गेम फुकट झाले आणि कंपन्यांची कमाई गेमच्या आतल्या खरेदीवर सुरू झाली. म्हणजे जो जास्त वेळ थांबेल, तोच कधीतरी पैसे घालेल. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, नेट पॅक जपून वापरायचे दिवस संपले. मार्च 2018 मध्ये पबजी मोबाइल आला आणि वर्षभरात कट्ट्याकट्ट्यावर चार-चार डोकी मोबाइलमध्ये वाकलेली दिसू लागली.

या खेळाची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. शंभर खेळाडू, चौघांचा स्क्वॉड, आकसत जाणारं मैदान. पूर्ण डाव अर्ध्या तासाच्या आसपास चालतो आणि त्यात थांबायचं बटण नाही. आई "जेवायला ये" म्हणते तेव्हा कानाला हेडफोन लावलेल्या पोराला तीन दोस्तांचे आवाज ऐकू येत असतात, "भावा, कव्हर दे." तो उठला तर तिघं मरणार आणि उद्या शाळेत त्याला ऐकून घ्यावं लागणार. शिवाय रँक घसरणार. ती पुन्हा चढवली तरी काही आठवड्यांनी सीझन बदलतो आणि ती परत खाली येते. रोज हजेरी लावली की बक्षीस, गेममधल्या बक्षिसाच्या पेटीतून कधी काय निघेल याचा नेम नाही. बक्षीस अनिश्चित असलं की माणूस, किंवा प्राणीसुद्धा, तीच कृती जास्त चिकाटीनं करत राहतो, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी विसाव्या शतकातच प्रयोगांतून दाखवलं होतं. चौदा वर्षांच्या पोरासमोर हे सगळं एकाच वेळी उभं असतं. आवेगाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग त्या वयात अजून घडतच असतो. अशा वेळी निव्वळ "मन घट्ट कर" म्हणणं मला क्रूर वाटतं.

त्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या या पिढीच्या वाट्याला आणखी एक गोष्ट आली. ऑगस्ट 2019 चा महापूर, मार्च 2020 पासूनची टाळेबंदी, जुलै 2021 मध्ये पुन्हा पूर. तीन वर्षांत शाळा, मैदान आणि मित्र पुन्हा पुन्हा तुटले. त्यातच ऑनलाइन वर्गासाठी म्हणून, कुणी उसनवारी करून, पोराला स्वतःचा स्मार्टफोन घेऊन दिला. वर्ग संपला तरी मोबाइल त्याच्याच हातात राहिला. मित्र भेटायची जागा तेव्हा गेमच्या लॉबीतच, म्हणजे डाव सुरू होण्याआधी खेळाडू जमतात तिथंच, उरली होती, हे विसरून चालणार नाही.

वैद्यकशास्त्राला या प्रश्नाची दखल घ्यायला वेळ लागला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या 2013 च्या निदान पुस्तिकेत त्याला 'अजून अभ्यास हवा' अशा यादीत जागा मिळाली. 2014 मध्ये बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी वेगळं क्लिनिक सुरू केलं. जागतिक आरोग्य संघटनेनं 'गेमिंग डिसऑर्डर' 2019 मध्ये आजारांच्या वर्गीकरणात अधिकृतपणे घेतला आणि 1 जानेवारी 2022 पासून ते वर्गीकरण लागू झालं. निकष कडक आहेत. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणं, नुकसान दिसत असूनही थांबता न येणं, आणि हे साधारण 12 महिने टिकणं. या निकषांत बसणारी मुलं खेळणाऱ्यांपैकी थोडीच असतात. उरलेल्यांना व्यसनी म्हणून हिणवण्यानं फक्त घरातलं बोलणं बंद होतं. शिवाय दुखणं गेममुळेच येतं असंही नाही, कधी उलटही असतं. नैराश्य, परीक्षेची धास्ती, लोकांत मिसळायची भीती, एकाग्रतेचा त्रास आधीपासून असतो आणि पोरगं त्यावर उतारा म्हणून गेममध्ये शिरतं. झोप उडाली की मूळ दुखणं वाढतं. गडहिंग्लज-चंदगडकडून अकरावी-बारावीला शहरात येऊन कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोराचं हे घरी कळायला तर सहामाहीचे गुण यावे लागतात.

सरकारी बंदी मात्र वेगळ्याच वाटेनं आली. 2 सप्टेंबर 2020 रोजी पबजीसह 118 ॲप बंद झाली, ती देशाच्या सुरक्षेच्या कारणावरून. फ्री फायर या तशाच गेमवर फेब्रुवारी 2022 मध्ये त्याच कारणानं गदा आली. पोरांनी दुसरा गेम उतरवून घेतला. 2021 मध्ये पबजीचा भारतीय अवतार बीजीएमआय आला तेव्हा 18 वर्षांखालच्यांना दिवसाला 3 तास आणि 7,000 रुपये अशी मर्यादा कंपनीनं जाहीर केली. दिवसाला सात हजार! शिवाय वडिलांच्या नावानं खातं उघडलं की तीही उरत नाही. ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्यानं पैसे लावून खेळायच्या गेमवर देशभर बंदी घातली. तरुणांच्या मानसिक हानीचा उल्लेख त्यात आहे आणि रमी-फॅन्टसीत पगार घालवलेल्या घरांसाठी तो मोठा आधार आहे. पण पैज न लावता रात्रभर चालणारा गेम त्या बंदीत येत नाही.

दक्षिण कोरियानं 2011 मध्ये 16 वर्षांखालच्यांना मध्यरात्री ते सकाळी 6 गेम बंद केला होता. दहा वर्षांनी तो कायदा मागे घेतला गेला. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं 2022 मध्ये दुसरा मार्ग धरला. संध्याकाळी 7 वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास मोठ्यांसकट सगळ्यांचे मोबाइल, टीव्ही बंद. मोठ्यांसकट हेच मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

कोल्हापूरकडे तालमींची परंपरा आहे. फुटबॉलच्या हंगामात पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांच्या सामन्याला शाहू स्टेडियम गर्जतं. पण त्या गर्दीतली बहुतेक पोरं बघायला आलेली असतात. खेळायला मिळणारी संघातलीच. नववीतल्या जेमतेम खेळणाऱ्या पोराला रोज संध्याकाळी कुठल्या मैदानावर घेतात, हे पेठेपेठेनं तपासायला हवं. आणि जे पोरगं महिनोन्‌महिने झोपत नाही, जेवणावरून उठतं, मोबाइल काढून घेतल्यावर स्वतःला इजा करायची भाषा करतं, त्याला मैदानाआधी डॉक्टर हवा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं, आणि तो फोन आई-वडीलही करू शकतात.