उसाच्या फडात सापडलेलं पिल्लू अनाथच असतं असं नाही

दिवाळीच्या आसपास कारखाने सुरू झाले की आपल्या सोलापूर जिल्ह्यात दरवर्षी हे होतंच. माळशिरस असो, पंढरपूर असो नाहीतर मोहोळकडचं एखादं गाव, ऊसतोड टोळी फडात शिरते, निम्मा फड तोडून होतो आणि पाचटात दोन-तीन पिल्लं दिसतात, मग अर्ध्या तासात अख्ख्या गावाच्या व्हॉट्सॲपवर "बिबट्याची पिल्लं सापडली" म्हणून फोटो फिरायला लागतात. बऱ्याचदा ती बिबट्याची नसतातच, रानमांजराची असतात. बिबट्याच्या पिल्लाच्या अंगावर लहानपणापासून दाट काळे ठिपके असतात आणि शेपूट लांब असते. रानमांजराचं पिल्लू मातकट रंगाचं, अंगावर पुसट पट्टे, कान मोठे आणि शेपूट त्यामानाने आखूड. आता करमाळ्याकडे बिबट्याही येऊन गेलाय, त्यामुळे गावकरी घाबरतात ते साहजिक आहे, पण पिल्लं कुणाचीही असली तरी पुढं काय करायचं ते साधारण सारखंच आहे.

उजनीचं पाणी आल्यापासून जिल्ह्यात ऊस वाढत गेला आणि रानमांजराला आयतं घर मिळालं. फडात उंदीर भरपूर, सावली आहे, आडोसा आहे, महिनोन्‌महिने कुणी आत येत नाही. मग एक दिवस अचानक कोयत्यांचा आवाज, माणसं, ट्रॅक्टर. आई बाजूच्या फडात नाहीतर ओढ्याच्या झुडपात जाऊन दबून बसते, ती पिल्लांना टाकून गेलेली नसते, दिवसाउजेडी एवढ्या माणसांत तिला यायला जमत नाही एवढंच. आणि आपण नेमकं त्याच वेळी पिल्लं उचलून पाटीत घालून घरी नेतो, म्हणजे पिल्लं अनाथ होतात ती आपण उचलल्यामुळे.

माणसाचा हात लागला की आई पिल्लाला घेत नाही हे आपल्याकडे सगळे सांगतात, पण मांजर, बिबट्या, लांडगा यांच्या बाबतीत ते खरं नाही, आई घेते. जुन्नर भागातल्या उसात बिबट्याची सापडलेली पिल्लं वनविभाग आणि प्राण्यांचे डॉक्टर कितीतरी वर्षांपासून अशीच आईकडे परत पोचवतायत. पद्धत साधी आहे. पिल्लं तपासायची, जखम नाही ना बघायचं, मग संध्याकाळी जिथं सापडली तिथंच एका उथळ क्रेटमध्ये ठेवायची, क्रेटची कड एवढी असावी की पिल्लू बाहेर जाऊ नये पण आईला तोंड घालून उचलता यावं. बाजूला कॅमेरा लावायचा आणि सगळ्यांनी लांब जायचं, बॅटरी नाही, गाडीचे लाईट नाहीत. अंधार पडला की आई येते, आधी लांबूनच घिरट्या घालते, वास घेते, मग एकेका पिल्लाला मानेच्या सैल कातडीला धरून उचलते आणि घेऊन जाते. कातडी अशी धरली की पिल्लू पाय पोटाशी घेऊन एकदम गप्प होतं, हे जन्मजात असतं, त्यामुळे नेताना ते धडपडत नाही. कधी पहिल्या रात्री येते, कधी दुसऱ्या. तेवढा वेळ शेतमालकानं आणि मुकादमानं त्या जागेच्या बाजूच्या चार सऱ्या उभ्या ठेवल्या तर आईला यायला आडोसा राहतो. गाडी भरायची घाई असते हे मान्य, पण दुसऱ्या टोकाकडून तोड सुरू ठेवता येते की.

बरं, पिल्लं घरी नेली तर काय होतं? पहिली गोष्ट थंडी. डिसेंबरच्या रात्री इतक्या लहान जिवाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. अंग गार पडलं की आतडी जवळजवळ थांबतात, अशा वेळी दूध पाजलं तर ते पचत नाही, पोट फुगतं आणि पिल्लू दगावतं. म्हणून डॉक्टर आधी ऊब देतात, मग पाणी आणि क्षार, आणि सगळ्यात शेवटी दूध. दूधही गायीचं चालत नाही. मांजराच्या दुधात प्रोटीन गायीच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतं, गायीच्या दुधानं पोट भरतं पण वाढ होत नाही, वर जुलाब लागतात. आणि बाळासारखं उताणं धरून कापसानं दूध पिळलं की ते श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो.

नान्नज अभयारण्याच्या माळावरची गोष्ट थोडी वेगळी आहे. काळविटाची मादी पाडसाला जन्म दिला की त्याला चाटून स्वच्छ करते, गवतात नाहीतर ज्वारीत लपवते आणि स्वतः लांब चरायला जाते. पाडस मान जमिनीला टेकवून अजिबात हालत नाही, अगदी जवळ गेलं तरी. आपल्याला वाटतं आजारी आहे, पण तो त्याचा बचाव असतो, कारण आई सतत जवळ राहिली तर लांडग्याला पत्ता लागेल. दिवसातून काही वेळा ती येते, पाजते, परत जाते. असं पाडस दिसलं तर आल्या वाटेनं मागं फिरायचं, बाकी काही करायचं नाही.

मोठ्या काळविटाचा प्रश्न मात्र फार अवघड, आणि हे लोकांना जास्त माहीत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय. कुत्री मागं लागलेलं किंवा विहिरीत पडलेलं काळवीट लोक जीव तोडून वाचवतात, दोरी लावून वर काढतात, जखम फारशी नसते, सगळे खूश होतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते मरतं. याला कॅप्चर मायोपथी म्हणतात. जिवाच्या भीतीनं पळताना, हिसके देताना स्नायूंना ऑक्सिजन पुरत नाही, लॅक्टिक ॲसिड साठतं, रक्त आम्लधर्मी होतं, अंगाचा ताप वाढतो आणि स्नायूंच्या पेशी फुटायला लागतात. फुटलेल्या पेशींमधलं पोटॅशियम रक्तात येतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. मायोग्लोबिन नावाचं लाल प्रोटीन किडनीत जाऊन अडकतं, लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते. तिथून जनावर परत आणणं खूप कठीण, त्यामुळे खरा उपचार म्हणजे ते होऊच न देणं. डोळ्यांवर कापड टाकायचं, नाक मोकळं ठेवायचं, सावली, शांतता आणि कमीत कमी माणसं. विहिरीच्या काठावरची दोनशे माणसं, शिट्ट्या, सेल्फी, "धरा धरा" चा आरडाओरडा, हे सगळं त्याच्या रक्तात विष कालवत असतं, हे मी शब्दशः म्हणतोय. अण्णा, मामा, दादा, जे कुणी तिथं असाल त्यांनी आधी गर्दी मागं हटवा ओ.

उन्हाळ्यात पक्ष्यांचं पण सांगतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो आणि घारी, पिंगळे झाडाखाली पडलेले सापडतात. चोच उघडून पाणी ओतू नका, पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागं उघडंच असतं, पाणी थेट आत जातं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, सावलीला ठेवायचं आणि फोन करायचा.

उपचार होऊन सोडण्याचा टप्पा त्याहून अवघड. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक कोनराड लॉरेन्झ यांनी १९३५ मध्ये दाखवलं की हंसाची पिल्लं अंड्यातून निघाल्यावर जे हलताना दिसेल त्यालाच आई समजून त्याच्या मागं लागतात. सस्तन प्राण्यांत असंच होत नाही, पण माणसाच्या हातून खाऊन वाढलेलं रानमांजर किंवा लांडगा माणसाला घाबरत नाही, मग सोडल्यावर ते गावात येतं आणि काठी खातं. म्हणून वन्यप्राण्यांच्या चांगल्या उपचार केंद्रात पिल्लाशी कुणी बोलत नाही, लाड करत नाही, शक्यतो दोन पिल्लं एकत्र वाढवतात. कुठं सोडायचं हाही प्रश्न असतोच. जुन्नरमध्ये २००१ नंतर खूप बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडले गेले, आणि तिथं माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले. अनोळखी जागेत सोडलेलं जनावर गोंधळतं, आपल्या जुन्या जागेकडे निघतं.

आपल्याकडून पुण्याला जखमी जनावर न्यायचं म्हटलं तरी २५० किलोमीटरचा गाडीचा हादरा असतो, म्हणून जिथं सापडलं तिथल्या पहिल्या तासात काय होतं त्यावर पुष्कळ काही ठरतं. वनविभागाची हेल्पलाईन १९२६ आहे. फोन करताना गट नंबर किंवा लोकेशन, किती वाजता दिसलं, किती पिल्लं, डोळे उघडलेत का मिटलेले आहेत, रक्त दिसतंय का, हे सांगा आणि लांबून काढलेला एक फोटो पाठवा. पिल्लं आधीच उचलली असतील तर तेही सांगून टाका, कोणत्या सरीतून उचलली ती जागा काठी रोवून दाखवून ठेवा, कारण संध्याकाळी क्रेट तिथंच ठेवायचा असतो.