जॅकला चिऱ्याचा आधार? जीव धोक्यात घालू नका

"जॅक लावलाय, बाजूला चिराही सरकवलाय, आता खुशाल गाडीखाली जा." गोव्यात हा सल्ला सर्रास मिळतो. तो चुकीचा आहे. चिरा म्हणजे बांधकामाचा जांभा दगड, सच्छिद्र. भिंतीत भार पसरतो म्हणून टिकतो. गाडीची लोखंडी कड एकाच जागी टेकली की फुटतो. म्हापशात माझ्या डोळ्यांदेखत असा चिरा उभा दुभंगला, लाल भुगा उडाला. नशीब, खाली फक्त स्टेपनी होती.

जॅकवरचा '2 टन' हा आकडा उचलण्याचा. खाली माणूस असताना तासभर तोलून धरण्याचा नव्हे. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक जॅकचं सील गळलं की गाडी खाली येते. खाली जायचंच तर जॅक स्टँड, म्हणजे गाडीचा भार धरणारा लोखंडी टेकू, लावा. हँडब्रेक ओढा, टेकलेल्या चाकांना ठोकळे लावा. पावसात माती मऊ पडते, तेव्हा तर पक्की जमीनच शोधा.