हॅलोपेरिडॉलच्या जोडीला दुसरी गोळी का?

सदाशिव पेठेतल्या एखाद्या मेडिकलवाल्याला विचारा. हॅलोपेरिडॉलची चिठ्ठी आली की तिच्यात अनेकदा ट्रायहेक्सिफेनिडिलही असतं. पहिली गोळी भास-भ्रमांवरची, दुसरी हातांची थरथर आणि अंगाचा ताठरपणा कमी करणारी. पण भासांवरच्या औषधाने मुळात हात थरथरतातच का?

मेंदूत खोलवर स्ट्रायटम नावाचा भाग आहे, हालचालींना वळण लावणारा. तिथल्या चेतापेशींपैकी जेमतेम १ ते २ टक्के पेशी अ‍ॅसिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायन बनवतात, पण त्या अंगाने दांडग्या आणि त्यांच्या फांद्या दूरवर पसरलेल्या. सवाई गंधर्वच्या मंडपात गायक दम घ्यायला थांबला तरी तंबोरा चालूच असतो, तशा या पेशी न थांबता संदेश सोडत राहतात.

त्यांच्यावर डोपामिन या दुसऱ्या संदेशवाहक रसायनाचे डी-२ रिसेप्टर, म्हणजे ते येऊन बसण्याच्या जागा, असतात. डोपामिन तिथे बसलं की पेशीत शिरणारं कॅल्शियम घटतं, आणि कॅल्शियमशिवाय अ‍ॅसिटिलकोलीनच्या पिशव्या काही फुटत नाहीत. डोपामिन वर, अ‍ॅसिटिलकोलीन खाली. अचानक बक्षीस हाती पडलं की डोपामिन उसळतं आणि त्याच सुमारास या पेशी क्षणभर गप्प होतात. त्यात डी-२ चा हात असतो, अर्थात एकट्याचा नाही.

हॅलोपेरिडॉल हेच रिसेप्टर अडवतं. लगाम सुटतो, अ‍ॅसिटिलकोलीन वाढतं. पार्किन्सन्समध्ये, म्हणजे कंपवातात, डोपामिन बनवणाऱ्या पेशीच मरतात. वाट वेगळी, मुक्काम जवळपास तोच. ट्रायहेक्सिफेनिडिल अ‍ॅसिटिलकोलीनचे रिसेप्टर अडवून तोल सावरतं. गंमत म्हणजे पॅरिसमध्ये न्यूरॉलॉजिस्ट शार्कोने पार्किन्सन्सवर याच जातीची वनस्पतिज औषधं १९व्या शतकातच वापरली होती. अ‍ॅसिटिलकोलीन संदेश वाहून नेतं हे ओटो लोवीच्या १९२१च्या प्रयोगातून पुढे आलं, आणि मेंदूतल्या डोपामिनचं महत्त्व आर्विड कार्लसनने दाखवलं ते १९५७-५८मध्ये!

ही दुसरी गोळी वर्षानुवर्षं, कुणी फेरविचार न करता चालू राहते, ते मला खटकतं. स्मरणशक्तीलाही अ‍ॅसिटिलकोलीन लागतंच. उतारवयात ते अडवलं की विसराळूपणा आणि गोंधळ वाढतो. कोरडं तोंड, बद्धकोष्ठ आणि लघवी तुंबणं वेगळंच. शिवाय ‘डोपामिन वाढलं की अ‍ॅसिटिलकोलीन घटतं’ हा नियम मेंदूभर लागू नाही. कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात, डी-१ जातीचे रिसेप्टर उलट अ‍ॅसिटिलकोलीन वाढवतात.

उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइडही डी-२ अडवणारंच. म्हणून आजोबांचे हात नव्याने थरथरायला लागले, तर जाणता न्यूरॉलॉजिस्ट स्कॅनच्या आधी घरातली औषधांची पिशवी टेबलावर ओतायला लावतो.