विसरलेला पासवर्ड वाचून दाखवता आला, तर?

पिंपळगाव बसवंतच्या रस्त्यावरच्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये ऐन हंगामात बसलो होतो. काट्यावरच्या मुलाने आत डोकावून विचारलं, "दादा, माझा पासवर्ड काय होता?" हिशेब पाहणाऱ्या दादांनी स्क्रीनवर यादी उघडली आणि वाचून दाखवला. काम लगेच झालं, पण माझ्या काळजात धस्स झालं. वाचून दाखवता आला, म्हणजे तो डेटाबेसमध्ये जसाच्या तसा पडून होता. त्या यादीची एक प्रत बाहेर गेली की सगळ्यांच्या चाव्या गेल्या. आणि पुष्कळ माणसं तोच पासवर्ड बँकेलाही ठेवतात.

खरं तर पासवर्ड तपासायला तो साठवावा लागतच नाही. रस काढला की त्यातून द्राक्षाचा घड पुन्हा उभा करता येत नाही. हॅशचं गणितही असंच एकेरी चालतं. शब्द आत घातला की ठरावीक लांबीची अक्षरं बाहेर पडतात, ती उलटी फिरवून शब्द मिळत नाही. डेटाबेसमध्ये फक्त ती अक्षरं ठेवायची. लॉगिनच्या वेळी टाइप केलेल्या शब्दाचा पुन्हा हॅश काढायचा आणि ताडून पाहायचा.

तरी एक फट राहते. दोघांनी '१२३४५६' ठेवला, तर दोघांचा हॅशही एकच. सर्रास वापरल्या जाणाऱ्या शब्दांचे हॅश चोर आधीच काढून ठेवतो आणि नुसती जुळणी करतो. बेल लॅब्स या अमेरिकन संशोधन प्रयोगशाळेतल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ च्या निबंधात यावर युनिक्स या संगणक प्रणालीतला उपाय सांगितला: सॉल्ट, म्हणजे चक्क मीठ. प्रत्येक पासवर्डमध्ये वेगळी, कशीही निवडलेली भर घालायची आणि मग हॅश काढायचा. त्यांचं मीठ १२ बिटचं होतं, म्हणजे एका शब्दाची ४०९६ रूपं. चोराची तयार यादी तेवढ्या पटीने फुगते.

पुढची गोष्ट मला सगळ्यात आवडते. इथे संथपणा हाच गुण आहे. एसएचए-२५६ सारखा हॅश इतका वेगवान, की एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी अंदाज तपासतं. वेगाचा हा धोका ओळखून १९९९ मध्येच नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएरेस यांनी बीक्रिप्ट हा मुद्दाम संथ हॅश मांडला. त्यात खर्चाचा, म्हणजे संगणकाने किती मेहनत करायची त्याचा, आकडा एकाने वाढवला की वेळ दुप्पट. काट्यावरच्या मुलाला लॉगिन करताना पाव सेकंद जास्त लागला तर कळतही नाही, चोराची मात्र वर्षं वाढतात. २०१५ मध्ये पासवर्ड हॅशिंगची स्पर्धा जिंकलेला आर्गॉन-२ तर वेळेबरोबर मेमरीही भरपूर मागतो.

पॅकहाऊसमध्ये आम्ही बीक्रिप्ट लावला. ॲप्लिकेशन डेटाबेसला ॲडमिनच्या खात्याने जोडलं होतं, तेही बदललं. आता त्या खात्याला नोंदी वाचता-लिहिता येतात, नोंदींचा अख्खा तक्ता पुसता येत नाही. विसरला, तर नवाच पासवर्ड घ्यायचा. या सगळ्याला एक दुपार पुरली. जास्त वेळ गेला तो कपाटातले जुने बॅकअप शोधण्यात. तिसऱ्या पेनड्राइव्हवर ती उघडी यादी अजून होती.